कुलूप उघडा समितीचे कुलूपरक्षक

बाजाराच्या दुमजली इमारतीत, तळमजल्यावर, जिन्याच्या मागे महिलांसाठी एक स्वच्छतागृह होते. ते अतिशय स्वच्छ होते, कारण बांधून झाले त्या दिवसापासून त्याला कुलूप होते. नगरपालिकेच्या वार्षिक पाहणीत शहरातील सर्वांत स्वच्छ सार्वजनिक सुविधा म्हणून दरवर्षी त्याचीच निवड होई, आणि ज्या साहेबांच्या कारकिर्दीत हा मान मिळे त्यांना बढती मिळे. सध्याच्या साहेबांनाही बढती हवी होती. त्यामुळे कुलूप चांगल्या प्रतीचे होते आणि त्याला वेळच्या वेळी तेल घातले जात असे.

या दारासमोर, जिन्याखालच्या तिरप्या जागेत, काजवाल्या काकू बसत. बाजारातले शिंपी शर्ट शिवून झाले की काजे करायला काकूंकडे टाकत. काकूंच्या हातचे काज शर्ट विरला तरी उसवत नाही, असा लौकिक होता. सकाळी दुकाने उघडल्यापासून ती बंद होईपर्यंत त्या एकाच स्टुलावर बसून असत. घरून निघताना अर्धा कप चहा आणि दुपारी डब्याबरोबर घोटभर पाणी, एवढ्यावर त्यांनी सगळी वर्षे काढली होती. अगदीच असह्य झाले तर समोर घड्याळजींच्या दुकानात जायचे. दुकानामागे पडदा लावलेली एक चिंचोळी मोरी होती. काकू उठल्या की घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एखाद्या घड्याळात डोके खुपसत, आणि काकू जागेवर येऊन बसल्या की भिंग काढत. या विषयावर दोघांत कधी एक शब्दही झाला नव्हता. जगात सभ्य माणसे असतात, ती अशी असतात.

पण भिडेलाही मर्यादा असते. काकू दिवसातून एकदाच तिकडे जात, आणि बाकीचा दिवस दाबून काढत. व्हायचे तेच झाले. कंबरेतून कळा आणि थंडी वाजून ताप. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितले, "भरपूर पाणी प्या आणि लघवी अडवून ठेवू नका. हे असंच चालू राहिलं तर किडनीवर जाईल."

"ऐकलंत ना आई?" घरी आल्यावर सून म्हणाली. "पाणी प्यायचं."

"प्यायला काय गं," काकू म्हणाल्या. "जायचं कुठे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी कॉलरमध्ये घालायचा एक पांढरा पुठ्ठा घेतला, त्यावर निळ्या खडूने 'कुलूप उघडा' असे लिहिले आणि तो आपल्या शिलाई मशिनला अडकवला. हे आंदोलनाचे पहिले निवेदन. सर्वांना समजलेले शेवटचे निवेदनही तेच.

दुपारपर्यंत भाजीवाल्या आल्या, भांड्यांच्या दुकानातली म्हातारी आली, वरच्या मजल्यावरच्या टायपिंग क्लासच्या बाई आल्या. कोणी भाषण केले नाही. ज्या गोष्टीसाठी त्या बसल्या होत्या तिचे भाषण होत नाही. नुसत्या दाराशी बसून राहिल्या. बायका नुसत्या बसल्यात हे पाहून साहेबांची पाचावर धारण बसली. बोलणाऱ्या बायकांना काय उत्तर द्यायचे याचे परिपत्रक होते, गप्प बसणाऱ्यांबद्दल काहीच सूचना नव्हती. संध्याकाळी ते वरच्या मजल्यावरच्या नगरपालिकेच्या कचेरीतून स्वतः खाली आले.

"एवढंच ना?" साहेब म्हणाले. "सोमवारी उघडून देतो. विषय संपला."

विषय खरोखरच संपला असता. पण त्याच वेळी शर्टाला काजे करून घ्यायला निवृत्त प्राध्यापक तिथे आले होते. त्यांनी पुठ्ठा वाचला, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचला.

"बाई, हे मान्य करू नका," ते म्हणाले. "कुलूप हे फक्त लक्षण आहे. रोग वेगळाच आहे."

"रोग मला झालाय सर," काकू म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी त्याचं नावही सांगितलंय."

"तुम्ही व्यक्तिगत पातळीवर अडकताय. एक कुलूप उघडून व्यवस्था तुम्हाला गप्प करतेय. प्रश्न असा विचारा, की मुळात कुलूप का असतं? ज्याच्याकडे काही आहे तो ज्याच्याकडे नाही त्याला बाहेर ठेवतो, म्हणून असतं. आपली मागणी सर्व कुलपांविरुद्ध हवी."

काकूंना वाटले, शिकलेला माणूस आहे, काहीतरी बघूनच बोलत असेल. शिवाय त्यांनी काजांसाठी तीन शर्ट एकदमच टाकले होते. गिऱ्हाइकाला तोंडावर नाही म्हणायची त्यांना सवय नव्हती. सोमवारी साहेब किल्ली घेऊन आले तेव्हा प्राध्यापकांनी त्यांच्यासमोर दीड तास सर्व कुलपांचा इतिहास मांडला. साहेब किल्ली खिशात घालून परत गेले आणि वर जाऊन त्यांनी देवाचे आभार मानले.

आंदोलन नावारूपाला आले म्हटल्यावर समोरच्या गल्लीतले छापखानेवाले आले. त्यांनी कापडी फलक फुकट छापून दिला. फुकट असल्यामुळे त्यावर काय असावे हे त्यांनीच ठरवले. 'कुलूप उघडा' ही अक्षरे खाली बारीक होती, वर मोठ्या टाइपात 'आपली जुनी मूल्ये परत आणा' असे होते.

"कुलूप ही आपली कल्पनाच नव्हे," छापखानेवाल्यांनी समजावून दिले. "बाहेरून आली. पूर्वी आपल्याकडे अशा जागांना दारंसुद्धा नसायची."

"मग आडोसा कसला असायचा?" एका भाजीवालीने विचारले.

"संस्कारांचा," छापखानेवाले म्हणाले.

भाजीवालीने पाटी उचलली आणि ती आपल्या जागेवर निघून गेली. तिची मेथी सुकत होती.

मागोमाग विमा एजंट आले. प्राध्यापक आणि छापखानेवाले या दोघांनाही जग कळत नाही, असे त्यांचे मत होते. फुकट सोयीची कोणाला किंमत राहत नाही, तेव्हा स्वच्छतागृह खाजगी तत्त्वावर चालवावे, आणि दर ठरलेला नसावा. "ज्याला घाई जास्त, त्याला दर जास्त. मागणी-पुरवठ्याचा साधा नियम आहे," ते म्हणाले. ही योजना ऐकताना काकूंनी नकळत पाय जुळवून घेतले.

अशा रीतीने कुलूप उघडा समिती स्थापन झाली. तिचा प्रत्येक निर्णय एकमतानेच व्हावा असे ठरले, आणि हे ठरवण्यातच एक आठवडा गेला. अध्यक्ष म्हणून काकूंचे नाव मात्र लगेच मान्य झाले. त्यांना कुठलाच दृष्टिकोन नव्हता, फक्त अडचण होती, आणि अडचणीचा कोणालाच त्रास नसतो. दाराशी मांडव पडला, व्यासपीठ आले. अध्यक्षांनी शेवटचा वक्ता बसेपर्यंत जागा सोडायची नाही, हा संकेत प्राध्यापकांनी सांगितला, छापखानेवाल्यांनी तो परंपरा म्हणून उचलून धरला आणि एजंटांनी तो शिस्तीचा भाग मानला. तिघांचे एवढे छान जमलेले काकूंनी पहिल्यांदाच पाहिले. काकूंपुढे टेबलावर पाण्याचा तांब्या आणि पेला ठेवण्यात आला. सभा चाले तोवर काकू त्या पेल्याकडे वैऱ्याकडे बघावे तसे बघत.

भाषणे लांबत गेली तशा बायका कमी होत गेल्या. त्यांना दुकाने होती, पोरे होती, आणि सभेत बसून तर आणखीच पंचाईत. अखेर महिलांचा सहभाग का घटला याचा शोध घेण्यासाठी एक उपसमिती नेमण्यात आली. तिचे तिन्ही सदस्य पुरुष होते, कारण बायका उपलब्ध नव्हत्या.

एका सभेत घड्याळजी उठून उभे राहिले. त्यांना बोलायची सवय नव्हती. भिंग कपाळावर तसेच होते.

"मी म्हणतो, आधी कुलूप उघडून घ्या की," ते म्हणाले. "बाकीचं मग निवांत भांडा."

मग प्राध्यापकांनी या विधानामागचा वर्गस्वार्थ उलगडून दाखवला. छापखानेवाल्यांना त्यात मुळांचा विसर दिसला. एजंटांच्या मते ही फुकटेपणाची मनोवृत्ती होती. समितीचा पहिला ठराव त्या दिवशी खरोखरच एकमताने मंजूर झाला. घड्याळजी तडजोडवादी असून आंदोलनातील कोणीही त्यांच्या दुकानाची पायरी चढू नये, असा तो ठराव होता.

"अहो, पण मला तिथे..." काकू म्हणाल्या.

"तिथे काय?" प्राध्यापकांनी विचारले. सगळी समिती त्यांच्याकडे बघू लागली. माइक चालू होता. काकूंची कानशिले तापली. स्वच्छतागृहासाठी उभ्या राहिलेल्या आंदोलनाच्या अध्यक्षांना, आपण घड्याळजींकडे कशासाठी जातो, हे त्याच आंदोलनाच्या मांडवात सांगता येईना.

"काही नाही," त्या म्हणाल्या, आणि ठराव मंजूर झाला.

दुकाने बंद करताना घड्याळजी शटर अर्धे ओढून थांबले. "काकू, पडदा आहे तिथेच आहे," ते खाली बघत म्हणाले. त्यांच्या इतक्या वर्षांच्या शेजारात या विषयावर बोललेले हे पहिले वाक्य. "माहितीय हो," त्या म्हणाल्या. "पण आता लोक बघतात." आणि खरोखरच मांडवातून तिन्ही बाजूंची माणसे बघत होती.

इथून पुढे गोष्टी रीतसर बिघडत गेल्या. छापखानेवाल्यांचे लोक परस्पर कुलूप उघडणार आणि श्रेय घेणार, अशी कुणकुण प्राध्यापकांच्या गटाला लागली. त्यांनी दाराशी एक माणूस बसवला. प्राध्यापकांचा माणूस दाराशी बसलेला पाहून छापखानेवाल्यांनी आपला बसवला, आणि दोघांवर लक्ष ठेवायला एजंटांनी तिसरा. हे कुलूपरक्षक पथक पाळीपाळीने काम करू लागले. नगरपालिकेचे कुलूप इतके सुरक्षित कधीच नव्हते. तरीही विश्वास बसेना, म्हणून प्रत्येक गटाने आपले स्वतःचे कुलूप वर चढवले, म्हणजे बाकी दोघांना एकट्याने काही करता येऊ नये. प्राध्यापकांचे कुलूप प्रतीकात्मक होते पण लागत होते. छापखानेवाल्यांनी घरातले आजोबांच्या वेळचे पितळी कुलूप आणले, त्याची किल्ली कुठे आहे हे आजोबांनाच ठाऊक होते. एजंटांचे आकड्यांचे होते. एका दाराला आता चार कुलुपे झाली, आणि त्यातली तीन कुलूप उघडा समितीची होती.

वर्तमानपत्रात चार ओळी आल्या तेव्हा नगराध्यक्षांनी साहेबांना झापले. साहेब धावत किल्ली घेऊन खाली आले. बरोबर फोटोग्राफरही होता.

"मी उघडायला आलोय," ते म्हणाले.

"कोणाच्या परवानगीने?" तिन्ही रक्षकांनी एका सुरात विचारले.

"अहो, तुमचीच मागणी आहे ना?"

"मागणी आमची आहे," प्राध्यापक पुढे होऊन म्हणाले. "ती कधी मान्य व्हायची हे आम्ही ठरवू."

छापखानेवाले आणि एजंट यांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी वर जाऊन आदेश काढला: आंदोलकांच्या भावनांचा आदर राखून कुलूप आहे त्या स्थितीत कायम ठेवण्यात येत आहे. त्या वर्षी त्यांना बढती मिळाली.

काकूंनी आता पाणी जवळजवळ सोडले होते. महासभेच्या दिवशी सकाळी त्या उठल्या तेव्हा अंग तापले होते आणि कंबर धरून बसावे लागत होते.

"आई, आज जाऊ नका," सून म्हणाली. तिने त्यांची पिशवी लपवून ठेवली होती.

"मी नाही गेले तर त्या तिघांतला एक अध्यक्ष होईल. मग ते दार कधीच उघडायचं नाही."

"आता तरी कुठे उघडलंय? तुम्ही तिथे दुखणं अंगावर काढत बसता, मला इथे काम सुचत नाही. तुम्हाला काही झालं तर हे तिघं शोकसभेतसुद्धा भांडतील, आणि मी एकटी पडेन. मला तुमच्याशिवाय कोण आहे?"

काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग पिशवी कुठे आहे ते बरोबर ओळखून, कपाटामागून काढून, त्या निघाल्या. मात्र निघताना सुनेने पुढे केलेला पाण्याचा पेला त्यांनी तिच्यादेखत पूर्ण पिऊन टाकला. तिच्या मनाला बरे वाटावे म्हणून प्यायल्या. ही चूक होती की शहाणपण, यावर पुढे मतभेद झाले.

महासभेत विषय एकच होता: दार उघडल्यास ते कोणत्या दिशेने उघडावे. आत ढकलून उघडणे म्हणजे व्यवस्थेत शिरकाव, असे प्राध्यापकांचे म्हणणे पडले. बाहेर ओढून उघडणे आपल्या रीतीत बसत नाही, असे छापखानेवाल्यांना वाटत होते. एजंटांना सरकते दार हवे होते. बिजागऱ्या आधीच बसवलेल्या आहेत आणि दार फक्त आतच उघडते, ही गोष्ट कोणी लक्षात आणून दिली नाही, कारण ते दार उघडलेले कोणीच पाहिले नव्हते. प्राध्यापकांचे भाषण पहिल्या मुद्द्यावरून दुसऱ्यावर आले आणि काकू उठल्या.

"अध्यक्षबाई, अजून सहा वक्ते आहेत," छापखानेवाले कुजबुजले.

काकूंनी ऐकले नाही. त्यांना ऐकूच येत नव्हते. कळ पोटातून वर चढली होती आणि डोळ्यांपुढे अंधारत होते. व्यासपीठाच्या पायऱ्या त्या एकेक करून उतरल्या आणि दाराशी आल्या. तिन्ही रक्षक खुर्च्यांवरून उठले.

"बाई, तुम्ही कोणाच्या वतीने जाताय?"

"माझ्या," काकू म्हणाल्या.

रक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. असा गट त्यांना माहीत नव्हता. ते आपापल्या पुढाऱ्यांना विचारायला गेले, आणि तेवढ्यात काकूंनी चारही कुलुपे एका मुठीत धरून जीव खाऊन ओढली. नगरपालिकेच्या कंत्राटदाराने कोयंडा एकाच कुलपाच्या बेताने बसवला होता, तोही दोन नखाएवढ्या स्क्रूंवर. चार कुलुपांच्या ओझ्याने तो कधीचाच लोंबत होता. कुलुपे, कोयंडा आणि थोडे लाकूड, असे सगळे काकूंच्या हातात आले. त्यांनी ते खाली ठेवले, दार ढकलले, आत गेल्या आणि आतून कडी लावली.

बाहेर तिघेही माइककडे धावले. मग प्राध्यापकांनी जाहीर केले की हा जनतेचा उठाव असून तो त्यांच्या भाषणातल्या दुसऱ्या मुद्द्यामुळे घडला. परंपरेतली स्त्रीशक्ती जागी झाल्याचे छापखानेवाल्यांनी सांगितले, पण समितीच्या परवानगीविना ती जागी झाल्याबद्दल खेदही व्यक्त केला. विमा एजंट म्हणाले, हा व्यक्तिगत पुढाकाराचा विजय आहे, मात्र दर न भरता. नव्या साहेबांनी वरच्या खिडकीतून उद्घाटनापूर्वी सुविधेचा वापर केल्याबद्दल अध्यक्षांवर नोटीस काढायला सांगितले. काकू आतच होत्या, तोवर तीन पत्रके छापायला गेली. समोर घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावले आणि एका घड्याळात डोके खुपसले.

काकू बाहेर आल्या तेव्हा सगळे त्यांच्याभोवती जमले. प्रश्न एकच होता: तुम्ही नेमक्या कोणत्या बाजूच्या?

"सरका जरा," काकू म्हणाल्या. "मागे भाजीवाली उभी आहे."

त्यांना अध्यक्षपदावरून एकमताने काढण्यात आले. दाराला नवा, मजबूत कोयंडा बसला आणि पुन्हा चार कुलुपे लागली. आंदोलन चालू आहे. त्याच्या तीन शाखा झाल्या आहेत, आणि जिन्याखालच्या तिरप्या जागेत तिसऱ्या शाखेचे कार्यालय आहे.

ही हकीकत ज्यांना ज्यांना सांगितली त्यांनी ती शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकली, आणि तुम्हीही वाचलीत. फक्त वाचताना सगळे काय मोजत होते तेही सांगून टाकतो. प्राध्यापकांना चिमटे जास्त की छापखानेवाल्यांना, एजंटांना स्वस्तात सोडले की काय, आणि एकूण सांगणारा माणूस आतून कोणाचा. ते मोजून झाले असेल आणि माझी बाजू पक्की ठरली असेल, तर आता विचारायला हरकत नाही. काकू सध्या दवाखान्यात आहेत. उशाशी सून आहे. ज्या खाटेवर त्या आहेत तिथून बाथरूम चार पावलांवर आहे, आणि त्याचे दार उघडे असते. ताप उतरला का, हे अजून एकानेही विचारलेले नाही.